मानिकीकाठचे वार्धक्य



गुडघे कुरकुरू लागले किंवा घरातल्या आजारी माणसाला सोडून बाहेर पडणे अशक्य झाले, की प्रवासाची हौस बहुधा नकाशावर आणि पुस्तकांत भागवून घ्यावी लागते. आज आपण तसाच एक घरबसल्या प्रवास करू या. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, ॲमेझॉनच्या खोऱ्यातले सखल अरण्य सुरू होते. तिथे मानिकी नावाची नदी वाहते आणि तिच्या काठाने त्सिमाने नावाच्या आदिवासी लोकांची लहान लहान गावे आहेत. बहुतेक गावांत वीज नाही, नळ नाही, दवाखाना नाही. तरीही गेली काही वर्षे जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांचे आणि मेंदूविकारतज्ज्ञांचे लक्ष या गावांकडे लागलेले आहे, आणि त्याचे कारण आहे तिथली वृद्ध माणसे.

छातीत दुखणे, रक्तदाब, विसराळूपणा, अपुरी झोप या गोष्टी वयाबरोबर यायच्याच, असे आपण धरून चालतो. त्यांत वयाचा वाटा किती आणि राहणीचा किती, हा प्रश्न माझ्यासारख्या सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला रोज पडतो. मानिकीच्या काठावर त्याचे थोडेफार उत्तर सापडते. मात्र ते उत्तर वाटते तितके सरळ नाही.

नदी हाच रस्ता

नकाशावर बोट ठेवायचे असेल तर बोलिव्हियाच्या बेनी प्रांतातले सान बोर्हा हे गाव शोधा. गोवा विषुववृत्ताच्या जेवढे उत्तरेला, साधारण तेवढेच हे दक्षिणेला आहे. त्यामुळे उकाडा आणि दमटपणा आपल्या ओळखीचा; ऋतू मात्र उलटे. तिथला पावसाळा सुमारे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. कोरड्या महिन्यांत अधूनमधून दक्षिणेकडून ‘सुरासो’ नावाचा गार वारा सुटतो आणि कालपर्यंत घामाने निथळणारी माणसे शेकोटीजवळ सरकतात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट मिशनऱ्यांनी सान बोर्हा वसवले. त्सिमाने लोक मात्र मिशनच्या वस्तीत फारसे रमले नाहीत. ते नदीच्या वरच्या अंगाला, रानात राहिले. आज त्यांची संख्या सोळा हजारांच्या आसपास आहे. बहुतेक गावे शे-दीडशे वस्तीची किंवा त्याहूनही लहान. सान बोर्ह्याहून दूरच्या गावी जायचे तर एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या लांबट होडीत बसावे लागते. पावसाळ्यात नदी गढूळ आणि फुगलेली असते, वाहून आलेले ओंडके चुकवत जावे लागते. कोरड्या महिन्यांत पात्र इतके आटते की मधूनमधून खाली उतरून होडी ढकलावी लागते. वरच्या टोकाच्या गावाला पोहोचायला दिवस-दोन दिवस सहज लागतात.

आता असा विचार करा की त्याच गावात एखाद्या आजोबांना न्यूमोनिया झाला आहे. त्यांना याच होडीतून, याच नदीतून खाली आणायचे आहे. पुढे जे काही सांगणार आहे, ते वाचताना हा प्रवास विसरू नका.

छपराखालचा दिवस

त्सिमाने घर म्हणजे ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेले छप्पर आणि खाली खांब. भिंती बहुधा नसतातच. जमिनीपासून उंचावलेली बांबूची किंवा फळ्यांची बैठक, तिच्यावर चटई आणि मच्छरदाणी, शेजारी चूल. दोन-चार घरांचा एक पुंजका असतो आणि त्यात आजी-आजोबा, मुले-सुना, मुली-जावई, नातवंडे असे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात.

रानाचा एखादा तुकडा तोडून, जाळून, तिथे काही वर्षे शेती करायची आणि मग जमीन मोकळी सोडून पुढे सरकायचे, ही तिथली पद्धत. पिके चार मुख्य: भाजीची केळी, कसावा, भात आणि मका. जोडीला नदीतले मासे आणि रानातली शिकार. बाण, गळ आणि जाळे यांनी मासे मारतात. कधी वनस्पतीचा विषारी रस पाण्यात कालवून मासे गुंगवतात. शिकारीला निघालेला माणूस सरासरी आठ तास बाहेर असतो आणि सुमारे 18 किलोमीटर चालतो. रिकाम्या हाताने परतण्याचे दिवसही थोडे नसतात.

कसावा आपल्याला परका नाही. उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून बनतो. साबुदाण्याच्या खिचडीतले दाण्याचे कूट, बटाटा आणि मिरची या साऱ्यांची मूळ भूमीही अमेरिका खंडच. उलट त्सिमानेंच्या ताटातले केळे आपल्या बाजूच्या आशियातून तिकडे गेलेले. फरक असा, की साबुदाणा होईपर्यंत कसाव्यातला चोथा निघून जातो आणि उरतो तो जवळपास निव्वळ स्टार्च. त्सिमाने तो कंद उकडून, भाजून, चोथ्यासकट खातात. त्याचीच आंबवलेली पेजही करतात. ती करताना बायका थोडा कसावा चावून त्या मिश्रणात घालतात, म्हणजे लाळेमुळे आंबण्याला मदत होते. भोपळ्याच्या वाटीतून ही पेज पाहुण्यापुढे येते, आणि ती नाकारणे शिष्टसंमत नाही.

त्यांच्या आहारात सुमारे 72 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते; प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ प्रत्येकी चौदा टक्क्यांच्या आसपास. ‘भात-पोळी बंद करा’ असे हल्ली जो तो सांगतो. त्या दृष्टीने पाहिले तर हा आहार अगदीच चुकीचा! पण यात पांढरी साखर नाही, तळण जवळजवळ नाही आणि चोथा भरपूर आहे. शिवाय हे अन्न मिळवायला पुरुष दिवसाचे सहा-सात तास आणि स्त्रिया चार ते सहा तास अंग हलवत असतात.

हृदयाची गोष्ट

मायकेल गर्व्हन आणि हिलार्ड कॅप्लन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी 2002 साली त्सिमानेंच्या आरोग्याचा आणि जीवनक्रमाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. संशोधकांबरोबर डॉक्टरही गावोगाव जाऊ लागले आणि आजाऱ्यांवर उपचार करू लागले. पुढे 2014-15 मध्ये चाळीस ते चौऱ्याण्णव वर्षांच्या 705 त्सिमाने स्त्री-पुरुषांना होडीने आणि मोटारीने त्रिनिदाद या बेनीच्या राजधानीच्या गावी आणले गेले आणि तिथे त्यांच्या हृदयाचा सीटी स्कॅन झाला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत कॅल्शियम किती साचले आहे, हे त्यात मोजतात. जितके कॅल्शियम अधिक, तितका हृदयविकाराचा धोका मोठा.

2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या धमन्यांत कॅल्शियम अजिबात नव्हते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांतही सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या धमन्या स्वच्छ होत्या. ऐंशी वर्षांच्या त्सिमाने व्यक्तीच्या धमन्या पन्नाशीच्या मध्यावर असलेल्या अमेरिकी माणसासारख्या होत्या. तोवर अभ्यासल्या गेलेल्या कोणत्याही लोकसमूहात हे प्रमाण इतके कमी आढळले नव्हते. त्यांच्यात उच्च रक्तदाब शंभरात चार-पाच जणांनाच आहे, घातक कोलेस्टेरॉल कमी आहे, आणि धूम्रपान करणारे करतात तेही बेताने.

मेंदूचेही असेच. वयाबरोबर मेंदूचे आकारमान सर्वांचेच थोडे घटते. त्सिमाने लोकांत ही घट पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरीच मंद आहे, असे 2021 साली दिसून आले. पुढच्याच वर्षी साठ वर्षांवरील त्सिमानेंची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक टक्का निघाले. अमेरिकेत पासष्टीपुढे ते अकरा टक्क्यांच्या आसपास धरतात. सौम्य विसराळूपणा मात्र त्सिमाने वृद्धांतही इतर देशांइतकाच होता. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे, नाव ओठांवर येऊन अडणे हे तिथेही घडते. पण त्याचे मोठ्या आजारात रूपांतर होणे फार विरळा.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्यांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही आकडेवारी एका लोकसमूहाची आहे. आपल्या आईला किंवा पतीला हा आजार झाला, म्हणजे आपले काही चुकले, असा अर्थ तिच्यातून काढू नका. एका माणसाच्या आजारामागे अनुवंश, वय, इतर व्याधी आणि योगायोग अशी अनेक कारणे असतात. सेवा करणाऱ्यावर त्याचा दोष येत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

इथवर वाचून कुणाला वाटेल, की सारे सोडून रानात जाऊन राहावे. थांबा. हृदयविकार नाही म्हणजे दीर्घायुष्य आहे, असे मानिकीच्या काठावर घडत नाही.

पिण्याचे पाणी नदीचे किंवा ओढ्याचे. शौचालये अपवादानेच. सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या प्रकारचे जंत असतात. रक्तक्षय सर्रास आढळतो. क्षयरोग आहे, श्वसनमार्गाचे संसर्ग आहेत, अतिसार आहे, सर्पदंश आहे. एकेका स्त्रीला सरासरी नऊ मुले होतात आणि त्यांतली काही आईच्या डोळ्यांदेखत जातात. मृत्यूची मोठी कारणे संसर्ग आणि अपघात हीच. आपल्याकडे ज्या न्यूमोनियावर तालुक्याच्या रुग्णालयात आठवडाभरात उपचार होतो, तो तिथे सहज जीव घेतो. म्हणूनच त्सिमानेंचे जन्माच्या वेळचे सरासरी अपेक्षित आयुर्मान, सुधारणा होऊनही, पन्नाशीच्या आसपासच घुटमळत होते. जे सत्तरी-ऐंशी गाठतात, ते एवढ्या साऱ्या चाळणीतून पार पडलेले असतात.

वार्धक्यही वेदनारहित नसते. आयुष्यभर ओझी वाहून आणि वाकून काम करून पाठ धरते. लागोपाठची बाळंतपणे आणि दीर्घ स्तनपान यांचा परिणाम हाडांवर होतो. त्सिमाने स्त्रियांची हाडे त्याच वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या हाडांहून कमजोर आढळली आहेत. म्हणजे कष्टाने हृदय राखले, तरी कंबर आणि पाठ त्याची किंमत मोजतात. मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रिया हाकेच्या अंतरावर नाही. आपल्या वस्तीत मोतीबिंदूच्या शिबिराची पाटी लागते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. मानिकीकाठच्या आजीसाठी ती पाटी म्हणजे सोन्याचा दिवस ठरेल.

वय आकड्यांत नाही

त्सिमाने म्हाताऱ्यांना आपले वय विचारले तर अनेकांना आकडा सांगता येत नाही. संशोधकांनाही ते ठरवायला खटपट करावी लागली. कोण कुणाच्या आधी जन्मले, थोरले कोण, धाकटे कोण, अशा प्रश्नांतून आणि वय ठाऊक असलेल्या लोकांची छायाचित्रे पुढे ठेवून त्यांनी अंदाज बांधले. गावात माणसाचे वय ओळखले जाते ते तो काय करू शकतो यावरून.

शिकारीचे बळ चाळिशीनंतर हळूहळू उतरते, पण साठीच्या पुढेही पुष्कळ वृद्ध स्वतःच्या पोटापुरते मिळवून वर नातवंडांना देतात. पाय थकले की काम बदलते. आजोबा बाण आणि धनुष्ये घडवतात, आजी चटया आणि पिशव्या विणते, भात सोलते, लहानग्यांवर नजर ठेवते. आणि एक काम वृद्धांकडेच खास राखलेले असते: गोष्टी सांगणे. रानातली वाट, जुने पूर, प्राण्यांच्या आणि देवांच्या कथा, गाणी या साऱ्यांचे जाणकार म्हणजे गावातले वयस्कर, असे त्सिमाने मानतात. अंगातली शक्ती ओसरते त्या वयात ही विद्या पिकते.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्सिमाने वृद्धांनाही नैराश्य येते. भरल्या घरात, नातवंडांच्या गराड्यातही येते. संशोधकांनी त्याचा माग काढला, तेव्हा असे दिसले की शरीर अधू होऊन घरासाठी अन्न मिळवणे थांबते आणि घरच्यांशी खटके उडू लागतात, तेव्हा नैराश्याचा धोका वाढतो. हे वाचले तेव्हा मला माझ्या दवाखान्यातली किती तरी माणसे आठवली. तक्रार पोटाची किंवा झोपेची असते. बोलता बोलता कळते, की बँकेचे व्यवहार मुलाने हाती घेतले, स्वयंपाक सुनेने किंवा बाईने घेतला, आणि ‘तुम्ही आता आराम करा’ असे प्रेमाने सांगून घराने त्यांच्या हातचे शेवटचे काम काढून घेतले. हजारो कोसांवरच्या अरण्यात आणि आपल्या दोन खोल्यांच्या घरात या बाबतीत फारसा फरक नाही.

रात्र

सूर्य मावळल्यावर चुलीच्या उजेडाखेरीज दिवा नाही. म्हणजे हे लोक दहा-दहा तास झोपत असतील, असा आपला समज. त्सिमाने आणि आफ्रिकेतले दोन समाज यांच्या झोपेची मोजदाद 2015 साली प्रसिद्ध झाली. हे तिन्ही समाज सरासरी पावणेसहा ते सात तास झोपतात. अंधार पडल्यावरही तीनेक तास जागे असतात, आणि बहुधा उजाडण्यापूर्वी उठतात. दुपारची झोप क्वचितच. निद्रानाशाची तक्रार इतकी दुर्मीळ, की त्यासाठी त्सिमाने भाषेत शब्दच नाही.

‘डॉक्टर, सहाच तास झोप लागते, गोळी द्या’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी यावर विचार करावा. दिवसा ताजेतवाने वाटत असेल, तर सहा-साडेसहा तासांची झोप हा आजार नाही. दुपारी दोन तास झोपून रात्री आठपासून अंथरुणावर तळमळण्यापेक्षा दुपारची डुलकी आखूड करणे आणि पहाटे उठून उजेडात फिरणे बरे.

बदलता काठ

मानिकीचा काठ जसाच्या तसा राहिलेला नाही. लाकूडतोड आणि बाहेरून येणाऱ्या वस्त्या वाढल्या, तेव्हा 1990 साली सखल प्रदेशातल्या आदिवासींनी त्रिनिदादपासून ला पाझपर्यंत पायी मोर्चा काढला. अँडीजच्या थंड घाटांतून शेकडो किलोमीटर चालून त्यांनी आपल्या भूमीवरचा हक्क सरकारकडून मान्य करून घेतला. 2014 च्या महापुराने बेनीतली शेते आणि घरे वाहून नेली. 2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा अनेक त्सिमाने कुटुंबे पूर्वजांच्या रीतीप्रमाणे गाव सोडून रानात आत सरकली.

दुसरा बदल मात्र गाजावाजा न करता येतो आहे. यंत्राच्या होड्या आल्या, वल्हवणे कमी झाले. बाजारातून साखर, खाद्यतेल, मीठ, पाव येऊ लागले. बोलिव्हियात 2008 पासून साठीपुढच्या नागरिकांना सरकारी वृद्धवेतन मिळते. पैसा हाती आला की बाजाराची वाट आपोआप सापडते. रस्त्याच्या आणि शहराच्या जवळ असलेल्या गावांत कोलेस्टेरॉल आणि वजन वाढू लागल्याचे संशोधकांना दिसले आहे. पण त्याच रस्त्याने लस येते, प्रतिजैविके येतात, बाळंतीण वेळेवर रुग्णालयात पोहोचते. रस्ता हवा, आणि त्याबरोबर येणारा साखरेचा डबा नको, अशी निवड करायला तिथल्या लोकांना फार थोडा अवधी मिळतो आहे. आपल्या खेड्यांतून हीच गोष्ट दोन पिढ्यांपूर्वी घडून गेली.

परतताना काय आणावे

प्रवासाहून परतताना थोडे काही बरोबर आणण्याची आपली रीत. मानिकीकाठाहून काय आणावे?

प्रथम काय आणू नये ते सांगतो. त्यांच्या धमन्या स्वच्छ आहेत म्हणून आपल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांच्या धमन्यांत पन्नास वर्षांचा साठा झालेला आहे, त्यांना त्या गोळ्याच जपत असतात. मधुमेह असलेल्यांनी त्यांचे पाहून पिष्टमय आहार वाढवू नये. तो पचवायला ते दिवसभर राबतात. आणि शुद्ध पाणी, शौचालय, लस ही आपली मिळकत आहे. ज्येष्ठांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आणण्यासारखे आहे ते असे. दिवसभर थोडी थोडी हालचाल: सकाळी अर्धा तास फिरून उरलेला दिवस खुर्चीत काढण्यापेक्षा, तासाभराने उठून घरातले एखादे लहानसे काम करणे शरीराला अधिक मानवते. तोल जात असेल तर काठीचा किंवा माणसाचा आधार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. ताटात ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्ये, सालासकट फळे. साखर आणि तळण सणापुरते. रात्री झोपेचे तास मोजत बसण्याऐवजी सकाळी किती हुशारी वाटते ते पाहावे.

शेवटचे सेवा करणाऱ्यांसाठी. आज घरातल्या वृद्ध माणसाकडे असे कोणते काम आहे, जे त्यांनी केले नाही तर घर अडेल? ते नसेल, तर एखादे शोधून द्या. अंथरुणावरची आजीसुद्धा लसूण सोलू शकते, किराणा मालाची यादी सांगू शकते, नातवाचे पाढे म्हणवून घेऊ शकते. काम संथ होईल, लसणाची सालेही अंथरुणावर सांडतील, सांडू द्या. आणि संध्याकाळी टीव्ही लावण्याआधी त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी गावच्या नदीला पूर आला होता तेव्हा काय झाले होते? मग समोर बसून ऐका.